टॅनानाच्या पूरमैदानातली जमीन: वाफसा येतच नाही, चर खणू का?

पोयटावाली:
अलास्कात फेअरबँक्सजवळ, टॅनाना नदीच्या पूरमैदानात, तिला मिळणाऱ्या चीना नदीपासून चालत दहा मिनिटांवर आमची पाऊण एकर जागा आहे. दोन वर्षांपूर्वी मागचा अर्धा भाग मोकळा केला. काळ्या स्प्रूसची (सूचिपर्णी) ती उदबत्तीच्या काड्यांसारखी झाडं होती आणि खाली मॉसची जाड गादी. सगळं खरवडून काढलं, म्हटलं आता छान भाजीपाला करू.

पाऊस आणि बर्फाचं पाणी मिळून वर्षाकाठी जेमतेम ३०० मिलिमीटर. एवढ्याशा पाण्यात जमीन चिबडायला नको ना? पण जूनच्या मध्यातही पाय टाकला की बूट चिखलात राहतो आणि नुसता मोजा वर येतो. वरची चार बोटं माती वाळून पापुद्रे धरते, खाली लोणी. वाफसा म्हणून जो काही असतो तो या जमिनीला ठाऊकच नाही. हातभर खणलं तर निळसर करडी माती, मधेमधे नारिंगी ठिपके, वास सडक्या अंड्यांचा. बटाटे कुजले. कोबीची रोपं जांभळी पडून महिनाभर होती तेवढीच राहिली. माती आंबट असेल म्हणून बादलीभर राख टाकली, काही उपयोग नाही.

नवरा म्हणतो, कुंपणाच्या कडेने चार फूट खोल चर खणू, पाणी निघून जाईल. शेजारी म्हणतो, नका खणू. कारण विचारलं तर नुसता हसतो. खणू का?

हिरवा_कोंब:
सरळ गादीवाफे करा. फूट-सव्वा फूट उंच. मी तेच करतो. खालच्या मातीच्या नादी लागू नका.

स्प्रूसखालचा:
ताई, चर नको. निदान यंदा तरी नको. शेजारी का हसला ते सांगतो, कारण वीस वर्षांपूर्वी मीही खणला होता आणि माझ्यावरही एक जण असाच हसला होता. खणायला जागेजागी मला पहार वापरावी लागली, आणि पहिल्याच पावसात चराचा हौद झाला. आठ दिवस भरलेला. बदकं आली होती.

पाऊस किती पडतो यावर जाऊ नका. पाणी मुरायला वाट हवी. तुमच्या मातीखाली कातळ नाही, चिकणमातीचा थरही नसेल. खाली गोठलेली माती आहे, उन्हाळ्यातही न वितळणारी. वरचा हात-दीड हात थर तेवढा वितळतो आणि त्यातलं पाणी त्या बर्फाच्या ताटात साचून राहतं. तुमच्या चराचा तळही त्याच ताटात जाणार. शिवाय पूरमैदान सपाट, उतार देणार कुठे? नदीकडे दिलात तरी टॅनानाचं पाणी हिमनद्यांचं, ऐन उन्हाळ्यात चढतं, आणि ती चढली की इकडच्या भूजलाची पातळीही वर येते. १९६७च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर मूस क्रीकचं धरण बांधलं, त्यामुळे चीनाचा पूर आता टॅनानाकडे वळवता येतो. पण जमिनीखालून येणाऱ्या पाण्याला धरण काय करणार.

आता तुमच्या मॉसबद्दल. ती गादी म्हणजे गोठलेल्या जमिनीची गोधडी होती. उन्हाळ्याची ऊब खाली जाऊ देत नव्हती. फेअरबँक्सजवळच्या फार्मर्स लूप भागात अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९४६ मध्ये तीन चौकोन आखले होते. एकाला हात लावला नाही. दुसऱ्यातली झाडं कापली पण मॉस ठेवलं. तिसऱ्यातलं सगळं खरवडलं, अगदी तुमच्यासारखं. २६ वर्षांनी पाहिलं तर पहिल्यात गोठलेली माती होती तिथेच, दुसऱ्यात ४.७ मीटर खाली गेलेली आणि तिसऱ्यात ६.७ मीटर. तिथली माती डोंगरपायथ्याची आहे, पूरमैदानाची नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लागू नाहीत. पण दिशा तीच.

म्हणजे तुमची जमीन सध्या मधल्या अवस्थेत आहे. पाणी शोषणारी झाडं गेली, वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यात भर घालतंय, आणि ताट अजून पुरेसं खाली गेलेलं नाही. सगळ्यात वाईट वर्षं हीच. खाली वाळू-गोटे असतील तर काही वर्षांत निचरा आपोआप सुधारतो. मात्र गाळात बर्फाच्या लाद्या असतील तर जमीन खचते, खड्डे पडतात. बागेत खड्डा पडला तर हरकत नाही, घराखाली पडला तर आहे.

म्हणून आधी मोजा. दीड मीटरची, बोटाएवढी जाड लोखंडी सळई घ्या. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जेव्हा माती जवळजवळ सर्वांत खोलवर वितळलेली असते, तेव्हा दर दहा पावलांवर दाबत जा. गोट्यांना लागली तर खरखरते, हाताला झिणझिण्या येतात. गोठलेल्या गाळाला लागली तर लाकडावर आपटल्यासारखी थप्प थांबते. फरक एकदा कळला की विसरत नाही.

राख थांबवा. मॉसलगतचा थर आंबट असतो खरा, पण नदीचा गाळ बहुधा चुनखडीचा. कोरड्या दिवसांत उघड्या गाळावर पांढरी पूड दिसते, ती क्षारांचीच. माती तपासून मग काय ते ठरवा. कोबीचा जांभळा रंग बहुतेक थंडीचा. गार मातीत मुळांना स्फुरद उचलता येत नाही. खत ओतून पान हिरवं होणार नाही, माती तापवावी लागेल. गादीवाफ्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि जूनच्या आधी रोपं बाहेर काढू नका.

हिरवा_कोंब:
हेच मी एका ओळीत सांगितलं होतं.

स्प्रूसखालचा:
सांगितलंत खरं, पण का ते नाही सांगितलंत. :)

नकाशेवाला:
एक राहिलं. मुरुमाचे ट्रक मागवून भर घालायचा विचार असेल तर थांबा. तुमची जागा पाणथळ म्हणून धरली जात असेल तर भराव टाकायला अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाची (कोअरची) परवानगी लागू शकते. करडी माती, नारिंगी ठिपके आणि काळा स्प्रूस या त्यांच्या दृष्टीने पाणथळीच्याच खुणा. ठिपके म्हणजे लोह: पाण्याखाली हवा नसली की विरघळून माती करडी पडते, आणि मुळाच्या बिळातून हवा शिरली की तिथेच गंजतं. सर्वांत वरचा ठिपका किती खोल दिसतो ते बघा, पाणी साधारण तिथवर चढतं.

पोयटावाली:
सप्टेंबरची ७ तारीख. चर खणला नाही. सळई घेऊन दोघं फिरलो, एकूण बावीस ठिकाणं. सोळा ठिकाणी थप्प, मांडीपासून कमरेपर्यंतच्या खोलीवर. कुंपणालगत जुना ओढा असावा असा एक खोलगट पट्टा आहे, तिथे चार ठिकाणी खरखर. नवऱ्याच्या हाताला अशा झिणझिण्या आल्या की त्याने सळई टाकूनच दिली. वाफे आता त्या पट्ट्याच्या काठाने करणार.

उरलेली दोन ठिकाणं गोदामाच्या कोपऱ्याशी. तिथे सळई पूर्ण आत गेली, कशालाच लागली नाही, आणि बाहेर काढल्यावर भोकातून गढूळ पाणी वर आलं. गोदामाचं दार मे महिन्यापासून घासतंय, आम्ही बिजागरीला तेल घालत होतो. स्प्रूसखालचे काका, आता काय करू?

स्प्रूसखालचा:
तेल घालणं थांबवा. दार बिजागरीमुळे नाही, खालची माती वितळून कोपरा खचल्यामुळे घासत असावं. गोदामातलं जड सामान आजच बाहेर काढा आणि छपराचं पाणी त्या कोपऱ्यात पडत असेल तर पन्हळ दुसरीकडे वळवा. कोपऱ्यापासून दारापर्यंत पातळी मोजून फोटो टाका, मग बोलू.