एसएसएलसीनंतर सरसकट पीसीएमबी: सीमाभागातल्या पोरांचा फायदा की नुकसान?

गणितवाला_येळ्ळूर
एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकच्या दहावीचा निकाल लागला की येळ्ळूर-कडोलीपासून खानापूर-निपाणीपर्यंत घरोघरी एकच बोलणं: सत्तरच्या वर आहेत, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घाला, डॉक्टर-इंजिनिअर दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. मराठी माध्यमातून आलेल्या बऱ्याच मुलांचं यात नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी ते सत्तर टक्के फोडून बघा. एसएसएलसीच्या ६२५ पैकी ३२५ गुण तीन भाषांचे असतात: प्रथम भाषेला १२५, उरलेल्या दोन्हींना १००-१००. समजा, भाषांत २९०, समाजविज्ञानात ७५ आणि गणित-विज्ञानात ४५-४५ पडले. बेरीज ४५५, म्हणजे ७२.८ टक्के. घरात पेढे येतात. पण गणिताच्या त्या ४५ मध्ये अंतर्गत मूल्यमापनाचे २० पूर्ण मिळाले असतील, तर लेखी पेपरात ८० पैकी फक्त २५ आहेत. हेच पोर जूनमध्ये त्रिकोणमिती, लिमिट्स आणि रोटेशनल मोशन शिकायला बसणार, तेही इंग्रजीतून.

म्हणून एकूण टक्के बघू नका, लेखी गणिताचा आकडा बघा. ५५ च्या खाली असेल तर पीसीएमबी नको. वर असेल, तरी इंजिनिअरिंगच करायचं ठरलं असल्यास बायोलॉजीच्या जागी कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा स्टॅटिस्टिक्स घ्या.

खानापूरची_ताई
सर, गुण फोडून बघायचं पटलं. पण बायोलॉजी सोडा म्हणता ते अजिबात पटत नाही. पंधराव्या वर्षी किती पोरांचं ठरलेलं असतं? बायोलॉजी सोडली की नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) गेलं, बीएस्सी नर्सिंग गेलं, पशुवैद्यकीय गेलं, बीएस्सी ॲग्री गेलं. आपल्याकडं शेती असलेली घरं किती! केसीईटीत (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेत) शेतकरी कुटुंबातल्या मुलांसाठी वेगळा कोटा आहे, त्याला कृषीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. बीएस्सी ॲग्रीची ती वाट बायोलॉजीविना बंदच.

उलट बाजू बघा की. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि गणित सक्तीचं, तिसरा विषय केमिस्ट्री, बायोलॉजी, कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स यांतला कुठलाही चालतो. पीसीएमबीच्या मुलाला कॉम्प्युटर सायन्सची सीट मिळतेच. पीयुसीतल्या (अकरावी-बारावीतल्या) कॉम्प्युटरचे गुण केसीईटीच्या रँकमध्ये धरतच नाहीत. मग पीसीएमसीने, म्हणजे बायोलॉजीच्या जागी कॉम्प्युटर घेऊन, मिळवलं काय?

गणितवाला_येळ्ळूर
वेळ मिळवला, ताई. एनसीईआरटीची बायोलॉजी पहिल्या वर्षी १९ धडे, दुसऱ्या वर्षी १३. केसीईटीची इंजिनिअरिंग रँक पीयुसीच्या पीसीएम गुणांना ५० टक्के आणि केसीईटीला ५० टक्के धरून लागते. पीयुसीत ३०० पैकी ३० गुण वाढवले की रँकच्या हिशेबात तेवढाच फायदा होतो, जेवढा केसीईटीत १८० पैकी १८ वाढवल्यावर. त्या ३०० मध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रात्यक्षिकांचे ३०-३० आणि गणिताचे अंतर्गत २०, असे ८० गुण आहेत. वही वेळेवर पुरी केली, व्हर्नियर आणि टायट्रेशनची रीडिंग्ज हाताने घेतली, तर ते हातातले गुण. चार विषयांत ओढाताण झाली की पहिली वाट लागते ती याचीच.

शिवाय दोन्ही परीक्षांचा स्वभाव वेगळा. केसीईटीत एका विषयाचे ६० प्रश्न ८० मिनिटांत, चुकलं तर गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये १८० प्रश्न १८० मिनिटांत, बरोबरला ४ आणि चुकलं तर १ वजा. तिथं ७२० पैकी ३६० गुण एकट्या बायोलॉजीचे. एकीकडं अंदाजानेही खूण करायची सवय, दुसरीकडं हात आवरायची.

उद्यमबाग_टर्नर
तुम्ही दोघंही पीयुसीतच अडकलात. लेखी गणितात ३० ते ५० असलेल्या पोरांचं काय? त्यांना पॉलिटेक्निक हाच खरा रस्ता. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा मेकाट्रॉनिक्सचा डिप्लोमा तीन वर्षांचा. पुढं डीसीईटी (डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा) देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, हत्तरगीचा एरोस्पेस सेझ, पलीकडं शिरोली एमआयडीसी: सगळीकडं ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर नीट धरणारा माणूस हवा असतो.

यात बिघडतं कुठं? पहिल्या सेमिस्टरच्या गणितात. डिप्लोमा म्हणजे हातकाम, गणित सुटलं, असं समजून पोरं येतात आणि मॅट्रिक्स-डिटर्मिनंटलाच बॅकलॉग लावून घेतात.

खानापूरची_ताई
टर्नरदादा, डिप्लोमा चांगलाच. पण "गणित कच्चं म्हणून डिप्लोमा" हे उलटं कारण झालं. पुढं डीसीईटीलाही गणित सुटत नाही.

हिशेबनीस_निपाणी
कॉमर्सचं कुणी नावच काढलं नाही. घेणारेही एचईबीए (हिस्टरी, इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी) घेतात, कारण हिस्टरी सोपी वाटते. सीए करायचं असेल तर एसईबीए घ्या, म्हणजे हिस्टरीच्या जागी स्टॅटिस्टिक्स. किंवा बेसिक मॅथ्स असलेलं कॉम्बिनेशन. सीए फाउंडेशनचे चार पेपर, ४०० गुण. प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के लागतात. तिसरा पेपर गणित, रीझनिंग आणि स्टॅटिस्टिक्सचा, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. हिस्टरीवाली पोरं याच पेपरात ४० च्या खाली राहतात आणि बाकीचे तीन पास असूनही अख्खी परीक्षा जाते.

बीईओ_ऑफिसच्या_पायऱ्या
विषय ठरवायच्या आधीची एक गोष्ट सांगतो, कारण ती आठवीलाच हातची जाते. केसीईटीत ग्रामीण कोटा १५ टक्के आहे. त्यासाठी पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत आणि दाखल्यावर बीईओंची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही हवी. आठवीला पोराला उचलून बेळगाव शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं की हा हक्क संपला, घर गावातच असलं तरी. माध्यम कुठलंही असो, ग्रामीण कोटा मिळतो. कन्नड माध्यमाचा ५ टक्के कोटा मात्र मराठी माध्यमाला नाही. आई-वडील सांगतात, "इंग्रजी सुधारेल म्हणून शहरात घातलं." इंग्रजी दोन वर्षांत सुधारता येतं. गेलेला कोटा परत येत नाही.

मराठी_माझी_पहिली_भाषा
पीयुसीला भाषा कुठली, यावर बोला की. हल्ली जो तो संस्कृत घेतोय, गुण पडतात म्हणून. केसीईटीच्या रँकमध्ये भाषेचे गुण येतच नाहीत! मग ज्या भाषेत पोर विचार करतं ती मराठी घ्यावी, अभ्यासाचा वेळ वाचतो. पुढं यूपीएससीला मराठी साहित्य हा ऐच्छिक विषयही घेता येतो.

खानापूरची_ताई
मराठी जरूर घ्या. पण एसएसएलसीला तृतीय भाषा कन्नड असते, तिच्याकडं "पासापुरती" म्हणून बघू नका. राज्याच्या भरतीत सक्तीचा कन्नड पेपर नापास झाला की बाकीचे गुण कुणी बघत नाही. व्हीटीयूतही (राज्याच्या तांत्रिक विद्यापीठात) कन्नड आहे: येणाऱ्यांना "सांस्कृतिक कन्नड", न येणाऱ्यांना "बळके कन्नड". मराठीवर प्रेम आहे म्हणून कन्नड कच्ची ठेवायची, यात पोराचंच नुकसान.

मराठी_माझी_पहिली_भाषा
मान्य, पण महाराष्ट्राची वाटही आहे ना! महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिथल्या इंजिनिअरिंग प्रवेशात "टाइप ई" मधून अर्ज करता येतो.

गणितवाला_येळ्ळूर
आहे, पण नुसत्या दाखल्यावर प्रवेश मिळत नाही. एमएचटी-सीईटी (महाराष्ट्राची प्रवेश परीक्षा) द्यावीच लागते. त्यात गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, फिजिक्स-केमिस्ट्रीच्या ५०-५० प्रश्नांना १-१. पेपर महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमावर, अकरावीचा भाग साधारण २० टक्के. आपली पोरं केसीईटीच्या तयारीवरच तिथं जाऊन बसतात आणि गणितात मार खातात. अजून एक: नीटचा मराठी पेपर फक्त महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळतो. बेळगाव केंद्र घेतलं की इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड. मराठीत द्यायची असेल तर अर्ज भरतानाच कोल्हापूर टाकावं लागतं.

आणि ताई, बायोलॉजीबद्दल तुमचं अर्धं मान्य करतो. ज्याचं ठरलेलं नाही आणि लेखी गणित ६५ च्या वर आहे, त्याने पीसीएमबी घ्यावी. पण दिवाळीपर्यंतच दोन्हीकडं बघावं, मग एक परीक्षा सोडावी.

खानापूरची_ताई
दिवाळी फार लवकर होते, सर. पहिल्या वर्षाची वार्षिक परीक्षा तरी होऊ द्या. पहिले दोन महिने मराठी माध्यमाचं पोर त्वरण म्हणजे ॲक्सेलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम, अपवर्तन म्हणजे रिफ्रॅक्शन हेच जुळवत असतं. युनिट टेस्टला पडलेले कमी गुण विषयाचे नसतात, शब्दांचे असतात, आणि त्यावरून बायोलॉजी सोडायला लावलं तर अन्याय होईल. आपली दहावीची विज्ञान-गणिताची पुस्तकं एनसीईआरटीवरच आहेत. निकाल ते कॉलेज सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत तेच धडे इंग्रजी पुस्तकातून वाचून काढा, रोज एक, डाव्या पानावर मराठी शब्द आणि उजव्या पानावर इंग्रजी. आधी प्रकाश आणि विद्युत, मग रासायनिक अभिक्रिया.