मदत हवी आहे: परसातली दुर्बीण घरातून चालवताना कॅमेरा मध्येच गायब होतो

परसदार

नमस्कार. पुण्यात बंगल्याच्या परसात दुर्बीण कायमची उभी केली आहे. ती घरातल्या लॅपटॉपवरून आणि जमलं तर परगावाहूनही चालवायची आहे.

मांडणी: ४०० मिमी फोकल लेंग्थची अपवर्तक दुर्बीण, ईक्यू६-आर माउंट (दुर्बीण ताऱ्यांमागे फिरवणारा मोटरचा आधार), ३००८ × ३००८ पिक्सेलचा कूल्ड कॅमेरा, गाइड कॅमेरा (माउंट नेमका ताऱ्यावर राखायला), मोटरचा फोकसर, दवासाठी हीटरचा पट्टा. दुर्बिणीलाच रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (पुढे नुसता ‘पाय’) बांधला आहे, त्यावर दुर्बीण आणि कॅमेरा चालवणारं केस्टार्स-एकोस हे सॉफ्टवेअर. लॅपटॉपवर व्हीएनसीने (दुसऱ्या संगणकाची स्क्रीन दाखवणारी सोय) त्याची स्क्रीन दिसते. १२ व्होल्ट १० अँपिअरचा अॅडाप्टर व्हरांड्यात आहे आणि तिथून १.५ चौरस मिमीची १४ मीटर वायर बाहेर नेली आहे.

अडचणी तीन:

१. माउंट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळायला लागला की कॅमेरा डिस्कनेक्ट होतो. एकोस दोनदा नव्याने टाकून पाहिलं, फरक नाही.

२. फोटो डाउनलोड होत असताना वायफाय तुटतं. राउटर भिंतीपलीकडेच आहे.

३. वीज ४० मिनिटं गेली होती. आल्यावर माउंट हाताने होम पोझिशनला (ठरलेल्या सुरुवातीच्या स्थितीत) आणला, तरी गोटो (सांगितलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळणं) साधारण १० अंश पूर्वेला जातो.

शिवाय राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून काही जोडलं जात नाही. कुठून सुरुवात करू?

तांब्याची तार

पहिली अडचण विजेची आहे, सॉफ्टवेअर तिसऱ्यांदा टाकू नका. १४ मीटर म्हणजे जाऊन-येऊन २८ मीटर तांबं. १.५ चौरस मिमीच्या लवचीक वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१३३ ओहम, म्हणजे एकूण ०.३७ ओहम. कूलर पूर्ण जोरात असताना कॅमेरा ३ अँपिअरपर्यंत घेतो. माउंट वळताना दीड-दोन, उरलेलं पाय आणि पट्टा. साडेपाच अँपिअर धरले तर वायरीतच २ व्होल्ट जातात आणि कॅमेऱ्यापाशी १० उरतात. बहुतेक कूल्ड कॅमेऱ्यांना किमान ११ लागतात.

मल्टीमीटर कॅमेऱ्याच्या टोकाशी लावा आणि माउंट वळत असताना वाचा. लोड नसताना वायरीत व्होल्ट पडतच नाहीत, त्यामुळे तेव्हा १२ दिसणारच. ते पाहून फसू नका.

४ चौरस मिमीची वायर टाकली तरी पाऊण व्होल्ट जाईल, म्हणजे जेमतेम ११.२. त्यापेक्षा १२.८ व्होल्ट ३० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दुर्बिणीच्या पायाशीच ठेवा. सरासरी ४ अँपिअर धरले तर ६ तास बिनघोर जातील आणि वीज गेल्याचा प्रश्नही मिटेल. एक सांभाळा: या बॅटरीचा चार्जर १४.६ व्होल्ट देतो आणि कॅमेऱ्याची कमाल मर्यादा बहुधा १५ असते. चालू मांडणीत चार्जर जोडायचा असेल तर आधी कॅमेऱ्याचं माहितीपत्रक बघा.

२३० व्होल्टच परसात न्यायचे असतील तर ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), अर्थिंगसह, आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाणाऱ्या) डब्यात आणि जमिनीपासून वर. यात काटकसर नको. दवाने ओल्या गवतावर अनवाणी उभा असलेला माणूस आणि उघडा अॅडाप्टर ही जोडी जिवावर बेतते.

ध्रुवमत्स्य

दुसऱ्या अडचणीबद्दल. यूएसबी ३ मधून डेटा वाहताना जो रेडिओ गोंगाट निघतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. पायचा वायफाय अँटेना त्या पोर्टांपासून काही सेंटिमीटरवर. म्हणून फोटो उतरतानाच तुटतं. ५ गिगाहर्ट्झवर गेलात तर गोंगाट टळेल, पण भिंत नडेल. सरळ बाहेर चालणारी कॅट६ केबल टाका. १०० मीटरपर्यंत चालते. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, भिंतीत जाणार नाही.

पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. गाइड कॅमेरा, फोकसर आणि एसएसडी तिन्ही त्यावरच असतील तर स्वतंत्र वीज असलेला हब लागेल.

फोटो एसएसडीवरच साठवा, लॅपटॉपवर ओढू नका. तुमची एक फ्रेम १८ एमबीची, ३ मिनिटांच्या एक्सपोजरने तासाला २० फ्रेम, म्हणजे ३६० एमबी. ते सकाळी उतरवता येतं. रात्री केबलवरून फक्त स्क्रीन यायला हवी.

परगावाहून: राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच बाहेरचा पत्ता वाटून देणारी कंपनीची व्यवस्था) आहात आणि पोर्ट उघडून उपयोग नाही. पाय आणि लॅपटॉप दोन्हींवर टेलस्केल (दोन उपकरणांना इंटरनेटवरून खासगीत जोडणारं सॉफ्टवेअर) टाका. व्हीएनसीचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवला असेल तर आजच बंद करा.

श्रवण

तिसरी अडचण सगळ्यांत धोक्याची, आणि उत्तर तुमच्या आकड्यांतच आहे. आकाश तासाला १५ अंश फिरतं. ४० मिनिटांचे बरोबर १० अंश. पाय ४ मध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली की तो शेवटची जपून ठेवलेली वेळ घेऊन पुढे चालतो. राउटर उशिरा उठला तर वेळ दुरुस्त होत नाही. घड्याळ मागे, म्हणून तारा ४० मिनिटांपूर्वी जिथे होता तिथे, म्हणजे पूर्वेला, दुर्बीण जाते.

प्लेट सॉल्व्ह (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बिणीची दिशा ओळखणं) केलं की गोटो जागेवर येईल, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. घड्याळ मागेच राहिलं तर मेरिडियन फ्लिपही (लक्ष्य मध्यान्हरेषा ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटणं) ४० मिनिटं उशिरा होईल. आपल्याकडे १८.५ अंश अक्षांशावर डोक्यावरच्या लक्ष्यांच्या वेळी कॅमेऱ्याचं टोक तिपाईच्या पायाजवळून जातं. घरात बसलेल्याला ती टक्कर ऐकूही येत नाही.

डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल बसवा, नाण्याएवढ्या सेलसकट. वेळेचा झोन नीट तपासा. ८२.५ अंशांची चूक दिसली तर साडेपाच तासांचा घोळ आहे असं समजा.

आणि वीज परतल्यावर माउंट आपोआप अनपार्क होईल (उभ्या जागेवरून हलायला मोकळा होईल) असं काही लावू नका. या माउंटला आपण कुठे आहोत हे वीज गेल्यावर आठवत नाही, तो होमला आहे असंच धरतो. दुर्बीण दिसेल असा एक वेबकॅम लावा. त्याचा इन्फ्रारेड दिवा एक्सपोजर चालू असताना बंद ठेवा, नाहीतर फ्रेम खराब होतील.

प्लेट सॉल्व्हिंगसाठी लागणाऱ्या ताऱ्यांच्या इंडेक्स फाइली: तुमचं दृश्यक्षेत्र १.६ अंशांचं आहे, ४२०५ ते ४२१० पुरतात.

परसदार

मोजलं. लोड नसताना १२.१, माउंट वळताना १०.१ व्होल्ट. वॅन आयपी १००.८१ ने सुरू होतो. बॅटरी येईपर्यंत १३.८ व्होल्टचा सप्लाय लावला तर चालेल का?

तांब्याची तार

चालेल, लोडखाली पावणेबाराच्या आसपास मिळतील. पण आधी फोकसर, हब आणि पायचा ५ व्होल्ट कन्व्हर्टर यांची मर्यादा बघा. पट्टा थोडा जास्त तापेल, त्याचा रेग्युलेटर कमी करा.

कॅमेऱ्याची पिनही तपासा. सॉकेट ५.५ × २.१ मिमीचं असेल आणि प्लग ५.५ × २.५ चा असेल तर तो बसतो, पण सैल राहतो. माउंट वळताना वायर जराशी ओढली गेली तरी संपर्क तुटतो. कूलर अर्धा तास चालल्यावर प्लगला बोट लावा. कोमट लागला तर बदला, आणि वायर माउंटच्या डोक्याला बांधून कॅमेऱ्यापर्यंत सैल फास ठेवा.