मदत हवी आहे: ‘डेथक्रश’ची १९८७ची मूळ तबकडी कशी ओळखायची?

नमस्कार मंडळी. नॉर्वेच्या मेहेम या बँडच्या ‘डेथक्रश’ची पहिली आवृत्ती मी गेली अकरा वर्षं शोधतोय. १९८७ साली पोझरकॉर्प्स म्युझिकने काढलेली ही मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, गुलाबी मुखपृष्ठाची, फक्त १००० प्रती. १९९३मध्ये डेथलाइक सायलेन्स या रेकॉर्ड कंपनीने ती पुन्हा काढली, ती आवृत्ती माझ्याकडे आहे आणि खूप ऐकून झालीय. पण मला ती पहिलीच हवी आहे. विशीच्या आतल्या पोरांनी स्वतःच्या हिमतीवर काढलेली ती वस्तू एकदा हातात धरायची आहे.

आता एका विक्रेत्याकडे प्रत आहे म्हणतात. अडचण अशी की मागे एकदा मी फसलोय. तेव्हा पाकीट उघडल्यावर भिंग लावून पाहिलं, तर मुखपृष्ठावरची बारीक अक्षरं कडेला फुटलेली होती, म्हणजे छापील मुखपृष्ठच स्कॅन करून पुन्हा छापलेलं. फोटोत हे अजिबात कळलं नव्हतं.

म्हणून यावेळी पैसे देण्याआधी फोटो मागवतोय. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर, जिथे शेवटची खाच संपते, तिथे कोरलेली अक्षरं तिरप्या उजेडात स्पष्ट दिसतात, तो फोटो तर हवाच. पण मूळ प्रतीवर तिथे नेमकं काय कोरलंय? अक्षरं हाताने कोरलेली आहेत की ठशाची? ज्यांच्याकडे खात्रीची मूळ प्रत आहे, त्यांनी दोन्ही बाजूंच्या त्या पट्टीचे फोटो दाखवले तर फार उपकार होतील. विक्रेता रविवारपर्यंत थांबायला तयार आहे.