बदकांच्या शिकारीत कानांचे संरक्षण: गटाचा नियम असावा की ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावे?

पाणथळकर

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात भाताची कापणी झाली की शेतकरी खाचरांत पुन्हा पाणी सोडतात आणि उत्तरेकडून आलेली लाखो बदके व रानहंस त्या पाण्यावर उतरतात. परवाना, १६ वर्षांपासून पुढे बदकांच्या प्रत्येक शिकाऱ्याला सक्तीचा असलेला २५ डॉलरचा सरकारी बदक-मुद्रांक (डक स्टॅम्प) आणि अशा इतर अटी पूर्ण केल्या की हंगामात येथे कायदेशीर शिकार करता येते. (भारतात शिकारीला बंदी आहे आणि ती तशीच राहावी असेच माझेही मत आहे; शिकार करावी की करू नये, हा या धाग्याचा विषय नाही.)

आम्ही पाच जण एका शेतात जमिनीत पुरलेल्या लोखंडी पेटीत, म्हणजे आमच्या लपणात, एका ओळीने बसतो. या हंगामापासून दोन्ही कान झाकल्याशिवाय कोणीही बंदूक भरू नये, असा नियम मी सुचवला आणि त्याला आमच्यातल्याच दोघांनी विरोध केला. बारा बोरच्या बंदुकीचा आवाज कानाशी साधारण १५० ते १६५ डेसिबलपर्यंत जातो, आणि अशा क्षणिक स्फोटक आवाजासाठी १४० डेसिबल ही मर्यादा मानली जाते. माझ्या डाव्या कानात गेल्या वर्षापासून रातकिड्यासारखी किरकिर सुरू आहे. ती दिवसा कामात विसरता येते, पण रात्री उशीला डोके टेकले की थांबत नाही. हे दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी हा आग्रह आहे.

धुक्यातली_वाट

विरोध करणाऱ्या दोघांपैकी मी एक आहे, त्यामुळे माझी बाजू येथे मांडतो. आपल्या कानाचे ऐकून मला मनापासून वाईट वाटले, पण नियमाला माझा विरोध कायम आहे.

डिसेंबर-जानेवारीत या खोऱ्यात जे दाट धुके बसते, त्यात पक्ष्यांना भुलवायला पाण्यावर मांडलेले पन्नास पावलांवरचे नकली बदकही दिसत नाही. अशा सकाळी पिनटेल जातीच्या बदकाच्या नराची बारीक शीळ, मॅलार्ड जातीच्या मादीचे ओरडणे आणि डोक्यावरून मागच्या बाजूला जाणारी पंखांची फडफड यांवरच सारे काही चालते. किंबहुना ते ऐकण्यासाठीच मी पहाटे तीनला उठून येतो. त्याहून महत्त्वाचा मुद्दा सुरक्षेचा आहे. शेजारी "थांबा" म्हणाला आणि ते मला ऐकू आले नाही, तर होणारे नुकसान कानाच्या नुकसानापेक्षा कितीतरी मोठे असेल. मातीच्या चकत्यांवर सराव करताना एका सकाळी शंभर बार होतात, तेव्हा मीही इअरमफ (कानांवर बसणाऱ्या वाट्या) लावतो; पण येथे माझी सहा-सात काडतुसेसुद्धा संपत नाहीत. हळू आवाज मोठे करून ऐकवणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ मी एक हंगाम वापरून पाहिले. वारा सुटला की त्यांत नुसती घरघर ऐकू येते, आवाज कोणत्या दिशेने आला ते कळत नाही, आणि गाल दस्त्यावर टेकवताना उजवी वाटी मध्ये येते, त्यामुळे नेमच चुकतो.

कानोसा

माझा व्यवसाय श्रवणचाचणीचा आहे, म्हणून बारांच्या संख्येबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या ठिकाणी अनेकांची समजूत चुकते. कारखान्यातला सततचा गोंगाट किती तास ऐकला यावरून त्याचा धोका मोजतात, पण बंदुकीच्या बाराला तो हिशेब पुरेसा पडत नाही. मोठ्या आवाजाला कानातला छोटा स्नायू आखडून विरोध करतो खरा, परंतु त्याला काही शतांश सेकंद लागतात आणि बाराचा पहिला तडाखा त्याच्या आधीच आत पोहोचलेला असतो. आतल्या शंखाकृती भागातील आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे एखादाच बारसुद्धा कायमची इजा करू शकतो.

उजव्या खांद्यावर बंदूक धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्यावर डोक्याची सावली पडते; म्हणूनच अशा शिकाऱ्यांच्या श्रवणचाचणीच्या आलेखात बहुधा डाव्या कानाची रेषा ४००० हर्ट्झच्या आसपास जास्त खचलेली दिसते. सुरुवातीला माणसाला काहीच जाणवत नाही, कारण स्वर नीट ऐकू येतात आणि विरतात ती व्यंजने. स, श, फ आणि महाप्राणातला श्वास आधी हरवतो. समोरचा "सात" म्हणाला की "साठ", "काल" म्हणाला की "खाल", हे फोनवर कळेनासे होते आणि घरची माणसे पुटपुटतात अशी तक्रार सुरू होते. पिनटेलची जी शीळ धुक्यातली_वाट यांना इतकी प्रिय आहे, तिच्यासारखे बारीक, उंच आवाज याच वाटेने जातात.

चिखलपावले

मी लॅब्रॅडोर कुत्रीला घेऊन जाते आणि पक्षी आणण्याचे काम तिचे असते. तिला आम्ही पेटीच्या टोकाला, नळ्यांच्या रेषेच्या मागे बसवतो, कारण पुढे बसणाऱ्या कुत्र्यांचेही कान जातात. कुत्रीसाठी आपण जागा बदलतो, मग माणसासाठी नियम करायला संकोच का वाटावा, हे मला उमगत नाही. तरीही दाट धुक्याच्या दिवशी सुरक्षेचा जो मुद्दा मांडला गेला आहे, तो मला खरा वाटतो.

पाणथळकर

सुरक्षेच्या मुद्द्याला उत्तर द्यायलाच हवे. तोंडी "थांबा"वर आपण आजही विसंबू नये, कारण पहिल्या बारानंतर उघड्या कानालाही काही क्षण नीट ऐकू येत नाही. शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला की नळी वर आणि बोट घोड्यापासून दूर, ही खूण ठरवून घेऊ.

इअरमफ दस्त्याला अडतात हे मान्य आहे. मात्र हळू आवाज आत येऊ देणारे आणि स्फोट अडवणारे झडपेचे बोळे थोड्या पैशांत मिळतात, आणि त्यांना ना वाटी ना बॅटरी. फोमचे बोळे घ्यायचे असतील तर बोळा दोन बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर व मागे ओढावा आणि तो आत फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरावा. अर्धवट बाहेर लोंबणारा बोळा जवळजवळ निरुपयोगी असतो.

राहिला सहा-सात काडतुसांचा प्रश्न. बंदुकीत तीनच काडतुसे ठेवण्याचा नियम आहे, पण थवा उतरला की पाच जणांचे मिळून पंधरा बार काही सेकंदांत होऊ शकतात, आणि शेजाऱ्याच्या नळीचे तोंड आपल्या कानापासून हातभरच अंतरावर असते. म्हणून ही बाब ज्याच्या त्याच्या मर्जीची राहत नाही. आपण माझ्या उजवीकडे बसता आणि माझे बार आपल्या डाव्या कानावर पडतात.

धुक्यातली_वाट

खांद्यावर हात ठेवण्याची खूण मला मान्य आहे. ती आपण पूर्वीच ठरवायला हवी होती. शेजाऱ्याच्या बाराचा मी या दृष्टीने विचार केला नव्हता, हेही कबूल करतो. तरीसुद्धा एका प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराबाबत काय करावे हे गटाने ठरवू नये, असे मला अजूनही वाटते. मी मधला मार्ग सुचवतो. मी उजव्या टोकाला बसतो, डाव्या कानात झडपेचा बोळा घालतो आणि उजवा कान पक्ष्यांसाठी उघडा ठेवतो. माझ्या उजवीकडे कोणीच नसेल.

कानोसा

मोकळ्या बांधावर याचा थोडा तरी उपयोग झाला असता, परंतु डोक्याच्या सावलीने मोजकेच डेसिबल कमी होतात. १६० मधून ते वजा केले तरी आकडा १४० च्या वरच राहतो, आणि लोखंडी पेटीच्या भिंती तोच आवाज उघड्या कानाकडे परत फेकतात.

पाणथळकर

उजव्या टोकाची जागा शनिवारी आपलीच आहे. झडपेच्या बोळ्यांची एक जोडी मी आपल्यासाठी घेऊन येतो. ती दोन्ही कानांत घालून अंधारात, बार सुरू होण्याआधी, पिनटेलची शीळ ऐकू येते का ते आपणच पाहावे. ऐकू आली नाही, तर नियमावर आपण पुन्हा बोलू.