मदत हवी आहे: केईएफ एलएस५० स्पीकरना कोणता अँप (अँप्लिफायर)? (नाशिक)

गंगापूररोडकर
एलएस५० ची जोडी घेतली आहे. पहिली आवृत्ती, नंतरची 'मेटा' नव्हे. घरातल्या ५.१ रिसीव्हरला (पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठीचा होम थिएटरचा अँप) जोडली, तर आवाज जरा वाढवला की रिसीव्हर खट्ट करून बंद. पुढे लाल दिवा लुकलुकत राहतो. रिसीव्हरवर '१०० वॅट प्रति चॅनल' लिहिलंय, स्पीकर ८ ओहमचे आहेत. मग वॅट कमी पडतात का? १५० वॅटचा घेऊ का? स्टिरिओ हवा आणि सॉलिड स्टेटच (ट्रान्झिस्टरवाला), व्हॉल्व्ह नको. याच आठवड्यात घ्यायचाय. नावं सांगा.

सोल्डरगन
खोली केवढी? किती फुटांवर बसता? बजेट? गाणी कशावरून वाजतात? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बंद लगेच पडतो की पंधरावीस मिनिटांनी?

मंडपवाला
कशाला एवढा विचार? ५००+५०० चा स्टेज अँप घ्या. तेवढ्याच पैशात पाचपट पॉवर. आयुष्यात ट्रिप होणार नाही.

रातराणी
@मंडपवाला, त्याच्यातला पंखा ऐकलाय का कधी? रात्री साडेदहाला सतार लावली की सतारीआधी पंखा ऐकू येतो. शिवाय एलएस५० ला केईएफने १०० वॅटपर्यंतचाच अँप सांगितलाय. चुकून नॉब फिरला तर सव्वापाच इंची कोन (स्पीकरचा पडदा) गेलाच म्हणून समजा.

गंगापूररोडकर
खोली ११ बाय १४, बसतो साधारण साडेआठ फुटांवर. बजेट ६०-७० हजार. कधी लगेच बंद पडतो, कधी थोड्या वेळाने. अहो, पण नावं सांगा ना.

सोल्डरगन
नावं येतील, आधी हिशोब बघा.

सेन्सिटिव्हिटी (ठरलेल्या व्होल्टला स्पीकर किती मोठा वाजतो) ८५ डीबी (डेसिबल), म्हणजे २.८३ व्होल्टला, ८ ओहमवर १ वॅटला, १ मीटरवर ८५. साडेआठ फुटांवर बंद खोलीत साधारण ६ डीबी जातात, दोन स्पीकरचे ३ परत मिळतात. खुर्चीत उरले ८२. ८ ओहमला ४० वॅट देणारा अँप यात १६ डीबी घालतो, झाले ९८. ८० वॅटचा १९ घालतो, १०१. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डीबी पदरात पडतात, त्यामुळे १०० वरून १५० वर गेलात तर दोनसुद्धा मिळत नाहीत. सरासरी ८० ला ऐकलंत, जे घरात भरपूर मोठं आहे, तर गाण्यातली शिखरं ९५-९८ पर्यंत जातात. प्रामाणिक ६०-८० वॅट पुरेसे आहेत.

खरी अडचण करंटची आहे. '८ ओहम' हा नॉमिनल, म्हणजे नावापुरता आकडा. एलएस५० ची किमान इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) ३.२ ओहम आहे आणि ती केईएफनेच छापली आहे. ८ ओहमला ८० वॅट म्हणजे २५ व्होल्ट. तेच २५ व्होल्ट ३.२ ओहमवर पडले की अँपकडे जवळपास ८ अँपिअर मागितले जातात. रिसीव्हर तिथे हात टेकतो आणि प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो.

एकशेआठ
थोडी भर. रिसीव्हरवरचे '१०० वॅट' कसे मोजलेत ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर बघा. '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के टीएचडी, एक चॅनल' असं असेल तर तो आकडा क्लिपिंग (अँपची मर्यादा संपून आवाज फाटणं) सुरू झाल्यावरचा आहे. टीएचडी म्हणजे आवाजातली विकृती. '८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन्ही चॅनल' असा आकडाच तुलनेला धरायचा.

बेसूर
साउंडबार घ्या. वायरींची कटकट नाही, बायको खूश.

गंगापूररोडकर
@एकशेआठ, अगदी तेच लिहिलंय, १० टक्के. आणि मागच्या पट्टीवर पॉवर कन्झम्प्शन २४० वॅट. ५ चॅनल गुणिले १०० म्हणजे ५०० होतात ना? सरळ फसवणूक आहे ही.

सोल्डरगन
नाही. तो आकडा पूर्ण आवाजावरचा नसतो. सुरक्षेच्या मानकांत एक अष्टमांश पॉवर घेऊन मोजतात. त्या पट्टीवरून निकाल लावू नका.

मंडपवाला
रिसीव्हरच्या मेनूत इम्पीडन्स सेटिंग असेल, ते ४ ओहमवर टाका. विषय संपला.

एकशेआठ
विषय वाढला. बहुतेक रिसीव्हरमध्ये ते सेटिंग आतला सप्लाय व्होल्टेज खाली आणतं किंवा करंट आवळतं. गरम कमी होतो, पण क्लिपिंगही लवकर येतं. ८ वरच राहू द्या आणि आवाज आवरा.

मंडपवाला
म्हणजे कंपनीने ते बटण शोभेला दिलंय?

एकशेआठ
चाचणीत केस किती तापते याची मर्यादा पाळायला दिलंय. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, उष्णतेने ट्रिप होत असेल तर फरक पडेल.

रातराणी
धागाकर्ते, चार गोष्टी राहिल्या. रिसीव्हर ठेवलाय कुठे? बासचा नॉब कुठे आहे? वायर कोणती? ५.१ आहे तर सबवूफर चालू आहे का, आणि मेनूत फ्रंट स्पीकर 'लार्ज' आहेत की 'स्मॉल'?

गंगापूररोडकर
टीव्ही युनिटच्या काचेच्या कप्प्यात. बास +८, कारण हे स्पीकर फार पातळ वाजतात. वायर घरात होती तीच, लाल-काळी बारीक, ६ मीटर. सब आहे, पण बंद ठेवलाय, निव्वळ स्टिरिओ ऐकायचं म्हणून. लार्ज-स्मॉल म्हणजे काय ते माहीत नाही. आणि टर्नटेबलही आहे, ते लिहायचं राहिलं. टीव्हीचा आवाजही यातूनच येतो.

रातराणी
घ्या. बास +८ डीबी म्हणजे खालच्या सुरांना सहा पटींहून जास्त पॉवर. एलएस५० मुळात ७९ हर्ट्झपर्यंतच सपाट आहे (±३ डीबी), त्याखाली उतरतो. तिथे नॉब फिरवून बास येत नाही, नुसता कोन हलतो आणि अँप तापतो. वर काचेचा कप्पा. लगेच बंद पडतो तो करंटने, थोड्या वेळाने पडतो तो उष्णतेने. तुमच्याकडे दोन्ही नांदताहेत.

हे आजच करा:
बास-ट्रेबल शून्यावर. रिसीव्हर कप्प्याबाहेर, वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा. फ्रंट 'स्मॉल', क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, सब चालू. स्मॉल केलं की ८० च्या खालचं ओझं सबच्या स्वतःच्या अँपवर जातं आणि रिसीव्हर मोकळा होतो. मग रिसीव्हर बंद करून टर्मिनल तपासा. वायरीची एखादी मोकळी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी हाच लाल दिवा लागतो.

सोल्डरगन
वायर बदलाच. ती बारीक बहुधा अर्धा स्क्वेअर एमएमची. ६ मीटर म्हणजे जाऊन-येऊन १२, साधारण ०.४५ ओहम. ३.२ ओहमच्या जागी त्यातच १ डीबीहून जास्त गळतो आणि जिथे इम्पीडन्स २०-३० ओहम आहे तिथे काहीच गळत नाही. म्हणजे स्पीकरचा स्वरच बदलतो. मेन रोडला इलेक्ट्रिकच्या दुकानात २.५ स्क्वेअर एमएमची फ्लेक्सिबल कॉपर वायर मागा, तेवढ्याच लांबीला ०.०९ ओहम. घेताना ब्लेडने तार खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर कॉपर चढवलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा.

सूरदास२
एवढं करता तर बाय-वायरिंग (बास आणि ट्रेबलला वेगळ्या वायरी) करा. ट्रेबल उघडतो एकदम!

सोल्डरगन
एलएस५० ला मागे टर्मिनलची एकच जोडी आहे.

सूरदास२
मग २एससी५२००-२एसए१९४३ ट्रान्झिस्टरचा बोर्ड घेऊन घरीच बांधा. २४-०-२४, ५ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, झाला अँप.

एकशेआठ
२४-०-२४ मधून ±३३ व्होल्ट डीसी, म्हणजे ८ ओहमला ५० वॅटच्या आसपास. वाईट नाही. पण बाजारात त्या ट्रान्झिस्टरच्या नकला ढिगाने आहेत आणि एखादा शॉर्ट झाला की पूर्ण ३३ व्होल्ट डीसी स्पीकरच्या कॉइलवर. बांधायचाच तर पहिल्यांदा १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमधून चालू करा, स्पीकर न लावता आउटपुटचा डीसी मोजा (५० मिलिव्होल्टच्या आत हवा), प्रोटेक्शन रिले (बिघाड होताच स्पीकरची जोडणी तोडणारा) बसवा आणि मगच स्पीकर. या आठवड्यात अँप हवाय त्याने या वाटेला जाऊ नये.

गंगापूररोडकर
केलं सगळं, वायर सोडून. तासभर मोठ्याने वाजला, बंद पडला नाही. सबमुळे आवाज भरलाही. तरी अँप घ्यायचाच आहे.

रातराणी
मग ऐका. टर्नटेबल आणि टीव्ही दोन्ही असल्यामुळे यामाहा ए-एस५०१ बघा. ८ ओहमला ८५ वॅट, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०१९ टक्के टीएचडीला. टर्नटेबलसाठी एमएम फोनो, टीव्हीसाठी ऑप्टिकल, सबसाठी सब-आउट सगळं आहे. केंब्रिजचा सीएक्सए८१ ८ ला ८० आणि ४ ला १२० देतो, करंटच्या बाबतीत त्याच्यावर माझा जास्त भरवसा. पण त्याला फोनो नाही, वेगळा प्रीअँप लागेल आणि बजेट वाकेल.

एक तोटा आधीच सांगते. यामाहाच्या सब-आउटमुळे सबला खालचं मिळतं, पण एलएस५० चं खालचं कापलं जात नाही. आज 'स्मॉल'ने जो दिलासा मिळालाय तो तिथे नसेल. म्हणून टोनचे नॉब मधोमध ठेवा.

सोल्डरगन
सहमत. एक स्पीकर ७.२ किलोचा, जोडी गाडीत सहज मावते. दुकानात स्वतःचेच स्पीकर न्या आणि नेहमी ऐकता त्या आवाजावर अर्धा तास वाजवायला लावा. कारखान्याच्या शेडएवढ्या डेमो रूममध्ये दोन गाणी ऐकून ठरवू नका.

बेसूर
जुना रिसीव्हर विकणार का? मी सातपूरला आहे, येऊन घेऊन जाईन.

रातराणी
साउंडबारवाल्यांना रिसीव्हर कशाला?

बेसूर
मेव्हण्यासाठी. एचडीएमआय किती आहेत त्याला?