पत्रिकेच्या पाकिटात कोणाला काय घालायचं?

तिलकनगरची मावशी (इंदूर): धाकटीचं लग्न ठरलंय. लग्न इथेच, रिसेप्शन आठवड्याने पुण्यात, व्याह्यांकडे. २५० पत्रिका छापून आल्यात. सोबत सीमांतपूजनाची चिठ्ठी, रिसेप्शनचं कार्ड, ‘आहेर आणू नये’ची चिठ्ठी आणि अक्षतांची पुडी. मोठीच्या वेळी आम्ही बिनडोकपणे सगळ्या पाकिटांत सगळं कोंबलं होतं. सीमांतपूजनाला ८० पानं धरली होती, उठली १४०! श्रीखंड संपलं. रात्री दिरांना सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत रबडी आणायला पिटाळलं. येणाऱ्यांचा काय दोष, चिठ्ठी आमचीच. या वेळी काय करू?

सुदामानगरवाला: मावशी, सीमांतपूजनाच्या चिठ्ठीवरच हाताने नाव लिहा. नाव असलं की ती भलत्या पाकिटात जात नाही. आणि ‘सहकुटुंब’ की एकटेच, तेही लिहून टाका. आमच्याकडे एका घराला चूलबंद आमंत्रण समजलं, सात जण आले भिया!

बडोद्याची सून: आमच्याकडे गुजराती शेजारी कंकोत्री म्हणतात, आता आम्हीही तेच म्हणतो. अक्षता सावलीत चांगल्या वाळवूनच पुडी बांधा. माझ्या जावेने ओल्या घातल्या, यजमानांच्या नावावरच लाल डाग. आहेराची वेगळी चिठ्ठी मला खटकते. पत्रिकेतच खाली बारीक एक ओळ पुरे. चिठ्ठी हातात पडली की आहेराचाच विचार आधी येतो.

जुने इंदूरकर: बाकी काहीही गाळा, अक्षता गाळू नका. ‘अक्षत देणे’ म्हणजेच आमंत्रण. तांदूळ अखंड हवेत, कणी नको. नव्वदीच्या आत्याबाई मांडवात येऊ शकणार नाहीत, पण मुहूर्ताला घरी बसून त्या देवापुढे टाकतील. म्हणून लांबच्यांच्या पाकिटात तर आधी पुडी. पुण्याचं कार्ड मात्र जे खरंच पुण्याला जातील त्यांनाच. इथल्यांना दिलं तर ‘आम्हाला तिकडे ढकललं’ असं वाटतं.

तिलकनगरची मावशी: झालं, रात्री जेवणाच्या टेबलावर तीन ढीग लावले. आहेराच्या चिठ्ठ्या रद्दीत. यजमान कुरकुरले, छपाईचे पैसे गेले म्हणून. बुधवारी पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला. त्या पाकिटात मात्र सीमांतपूजनाची चिठ्ठीही घातलीय, नाव लिहून. पान एक वाढवून धरलंय.