मावशींना काढायचं कोणी ठरवलं?

बी-३०४: सेक्रेटरीसाहेब, एक तारखेपासून कचरा ठेकेदाराची गाडी नेणार, हे मला आपला कचरा उचलणाऱ्या मावशींकडून कळलं. कधी ठरलं हे?

सेक्रेटरी: ताई, ठरलेलं नाही. फक्त कोटेशन आलंय. ठेकेदार सगळा कचरा एकत्र नेतो, ओला-सुक्याची कटकट नाही.

ए-१०१ काका: गांडूळखताचा पिट दिवाळीपासून बंद आहे. त्याचं काय?

बी-३०४: कटकट नाही म्हणजे सगळा कचरा तसाच डेपोत. ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, ओला कचरा सडून मिथेन सुटतो. २० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट उष्णता धरतो. मे महिन्यात 'पुण्याचं काय झालंय' म्हणून याच ग्रुपवर गळे काढले होते ना सगळ्यांनी?

सी-२०२: गळे पण काढले आणि टँकर पण 😄

सी-५०३: टँकरचा हिशोब अजून आला नाही बरं का.

खजिनदार: नोटीस बोर्डावर लावलाय. चष्मा लावून वाचावा ही नम्र विनंती 🙏

सी-५०३: चष्म्यावर जायचं काम नाही.

ए-१०१ काका: पुन्हा विचारतो. गांडूळखताचा पिट दिवाळीपासून बंद आहे. त्याचं काय?

बी-६०१: मावशींबद्दल आदर आहेच. पण मध्ये न सांगता दांड्या मारल्या. युनियनच्या आहेत म्हणून काही बोलायचंच नाही का?

बी-३०४: हात कापला होता त्यांचा. फुटलेली काच कागदात न गुंडाळता आपल्याच विंगमधून गेली होती, दादा. आणि युनियनचं म्हणाल तर कचरा वेचणाऱ्या बायकांना लोक चोर समजायचे, पोलिस हटकायचे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली तेव्हा कुठे हातात ओळखपत्र आलं. २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा उचलते. घरामागे मिळणारी रक्कम आणि सुका कचरा विकून येतील ते पैसे, एवढीच कमाई. सगळं एकत्र गाडीत गेलं की विकायला उरणार काय?

डी-४०२: मी नवीन आहे, तरी बोलते. सिडनीत १९७१ मध्ये केलीज बुश नावाची झाडी वाचवायला तिथल्या बायका बांधकाम मजुरांच्या युनियनकडे गेल्या. मजुरांनी तिथे कामाला हातच लावला नाही. झाडी आजही आहे. रहिवासी आणि कामगार एका बाजूला उभे राहिले की होतं.

सी-२०२: सिडनीचं झालं, इथे माळ्यालाही काढताय म्हणे.

सेक्रेटरी: माळ्याचा विषय वेगळा. कृपया फाटे फोडू नका.

ए-१०१ काका: गांडूळखताचा पिट??

बी-३०४: काका, तुमचाच मुद्दा खरा आहे. पिट चालला तर ओला कचरा गेटबाहेर जाणारच नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही मोठ्या सोसायट्यांना तेच सांगितलं होतं. ओला शक्यतो आवारातच जिरवा, सुका अधिकृत कचरावेचकांना किंवा रिसायकलरला द्या. मावशी पिट सांभाळायला तयार आहेत. त्याचे वेगळे पैसे द्यायचे, फुकटात नाही.

खजिनदार: पैसे कुठून आणू?

बी-३०४: ठेकेदाराला देणार होतात तिथूनच.

बी-६०१: काचेचं माहीत नव्हतं. आमच्या मजल्यावर मी सांगतो सगळ्यांना.

सेक्रेटरी: रविवारच्या मिटिंगमध्ये पहिला विषय हाच घेऊ.

बी-३०४: मावशींनाही बोलवा, आणि बसायला खुर्ची द्या. तोवर कोटेशनवर सही नको.

सेक्रेटरी: केलेली नाही. करणार नाही.